गडू उजळला तो पौष

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी शहाणी समजायला नको. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढवलेल्या पालकाची भाजी आम्ही शाळेत मुलांच्या ताटात वाढली, तेव्हा एका मुलीनं घास चावता चावता मला सांगितलं होतं, "मैडम, ये सिक्के जैसी लग रही है." नाणं जिभेवर ठेवावं तशी. आणि उभी हयात विज्ञान शिकवण्यात घालवलेली मी, पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "वो आयरन है बेटा! पालक में आयरन होता है ना!"

पालकात लोह असतं, हे खरं. पण पालक खाऊन कुणाच्या तोंडाला कधी नाण्याची चव आली आहे? हा प्रश्न मला पडला नाही. मी ती भाजी खाल्ली असती तर पडला असता. पण माझी एकादशी होती.

रायपुरातला पौष दिसायला मोठा गरीब महिना आहे. सकाळी तेलीबांध्याच्या तळ्यावर धुकं असं पसरतं की पलीकडच्या इमारती अर्ध्याच उरतात. उन्हाळाभर गुरगुरणारे कूलर जुन्या साड्या पांघरून गच्चीगच्चीवर नव्या नवरीसारखे मुकाट उभे असतात. अभनपुरकडून धानाच्या ट्रॉल्या येतात; त्यांच्यामागे रस्त्यावर दाण्यांची एक बारीक पिवळी रेघ आणि त्या रेघेवर पारवे. आमच्या तात्यापाऱ्यात दुपारी कुठल्याही दारावरून जा, नव्या तांदळाच्या भाताचा वास येतो. लोकांना या दिवसांत भूक लागते. मला धडकी भरते. भाजीवालीनं टोपली उतरवली की माझा हात आधी जुडीच्या मुळांकडे जातो. पांढरी आहेत ना? भाजीवाली दरवर्षी तेच म्हणते, "दाई, जड़ ला खाबे का?"

नाही गं बाई, मुळं नाही खात. मुळं मला खातात.

यंदा तर पौष नातीच्या तोंडून घरात शिरला. रेवा सहावीत आहे. तिच्या शाळेत काचेची एक खोली आहे, जांभळ्या दिव्यांची, आणि तिथं पांढऱ्या नळ्यांमधून पाणी फिरतं, पाण्यावर कोवळी पानं डोलतात. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते, आणि आम्ही दोघी या दोन भाषांत उत्तम भांडतो.

"आजी, टीचर ने बोला है, आपको आना है. सस्टेनेबल फूड पे बोलना है."

"येईन की. पण एक अट आहे. त्या पानांचा पहिला घास मी खाणार. आणि मी खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत कुणी पानाला हात लावायचा नाही."

"क्यों?"

"मी बसून राहीन खुर्चीवर. सगळ्यांना दिसेल अशी."

"आजी, आप ना, बहुत अजीब हो."

मी हसले. अजीब मी आता झाले. तेव्हा मी हुशार होते, आणि तेच तर सगळ्यात वाईट होतं.

तेव्हाची मी म्हणजे कुणी कोवळी पोर नव्हे. निवृत्ती दिसू लागली होती, गुडघे बोलू लागले होते. तरी आज त्या बाईकडे पाहिलं की मला ती बालिशच वाटते. तिला आपण मॅडमच म्हणू. पंडरीच्या कापडबाजारामागच्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या, चष्मा साखळीला अडकवणाऱ्या, आणि एका दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर स्वतःला शेतीतली अधिकारी समजणाऱ्या आमच्या मॅडम.

शाळेच्या व्हरांड्यात मॅडमनी प्लंबरकडून पांढऱ्या नळ्या बसवून घेतल्या. नळ्यांना भोकं, भोकांत जाळीच्या पेल्या, पेल्यांत नारळाचा भुसा आणि भुशात पालकाचं बी. खाली निळा ड्रम. पाणी वर चढवायला पंप हवा होता, तो मॅडमनी घरच्या कूलरचा काढून आणला. थंडीत त्याला तरी काय काम? पाणी नळ्यांतून खळखळ फिरून ड्रमात परत येई, म्हणजे एकदा भरलेलं पाणीच पुन्हा पुन्हा पुरे. बाहेर बाजारात कापडाचे गठ्ठे आदळत, आणि आत माझी सहावीतली पोरं त्या खळखळीपाशी कान लावून बसत. "मैडम, नदी!" असं कुणीतरी म्हणालं होतं. शिकवण्याच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात. मला तो आठवतो आणि मग लगेच पुढचंही आठवतं.

फुलेश्वरी तेव्हाची. बाप ऑटो चालवायचा, आई पंडरीत साड्यांना फॉल लावायची. अंगानं एवढीशी, स्वेटरच्या बाह्या बोटांच्या पुढे लोंबणाऱ्या. सगळे तिला फुलो म्हणत. माती नाही तर झाड जगेल कसं, या माझ्या प्रश्नावर ती म्हणाली होती, "करमत्ता भाजी तो तालाब में होती है मैडम. उसको कौन मिट्टी देता है?" मी तिला शाबासकी दिली आणि तिच्या नावाची चिठ्ठी एका पेलीवर चिकटवली. मग सगळ्यांनाच चिठ्ठ्या हव्या झाल्या. प्रत्येकाचं एकेक रोप. पोरं सकाळी आली की दप्तर टाकायच्या आधी आपापल्या रोपाला भेटून येत.

पाण्याला खाऊ लागतो. दोन बाटल्यांतली औषधं मापानं घालायची, आणि शिवाय पाणी किंचित आंबट ठेवायचं. मुळांना तसंच मानवतं. त्यासाठी तिसऱ्या बाटलीतल्या आम्लाचे थेंब. रोज सकाळी मॅडम थेंब टाकत, कागदाची पट्टी बुडवून रंग बघत, आणि पोरांना विचारत, "पानी कैसा है?" पोरं एका सुरात ओरडत, "थोड़ा खट्टा!"

थोडं आंबट. रोज ओरडायची पोरं. रोज ऐकायची मी.

मग ड्रमाच्या भिंतीला शेवाळ धरलं. हिरवं, बुळबुळीत. प्रशिक्षणात सांगितलं होतं की ड्रमात उजेड जाऊ देऊ नका, काळं कापड गुंडाळा. पण मॅडमना एवढं साधं उत्तर कसं पटावं? त्यांना आईचा तांब्याचा हंडा आठवला. तांब्यात पाणी नितळ राहतं, किडत नाही, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मॅडमनी देवघराजवळचा तांब्याचा गडू पिशवीत घातला, शाळेत आणला, सुतळी बांधली आणि ड्रमात सोडला. वर भाषण ठोकलं, "हमारी दादी-नानी सब साइंटिस्ट थीं!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवाळ खरोखर गेलं. मॅडम घरी येताना रिक्षात एकट्याच हसत होत्या. ते हसू आज कुणी मला दाखवलं तर मी पदर तोंडावर घेईन.

पानं वाढली, पण मुळं तपकिरी होऊ लागली. मॅडम म्हणाल्या, थंडी आहे.

खुडणी आली ती एकादशीला. शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायच्या आधी एका शिक्षकानं ते चाखायचं, असा नियमच आहे. त्या दिवशी पाळी माझी. स्वयंपाकाच्या बाईनं लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाजी केली, वाटीत घालून माझ्यापुढे धरली. मी वाटीचा वास घेतला, मान डोलावली आणि म्हटलं, "हो गया, अच्छी है." घरून डब्यात साबुदाण्याची उसळ आणली होती. देवाला चालणार नाही म्हणून मी चाखली नाही, आणि पोरांना चालेल म्हणून वाढायला सांगितली. हे वाक्य असं लिहून काढेपर्यंत मला कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

पोरं खात होती. स्वतःच्या नावाचं रोप खाण्याचं अप्रूप. फुलोनं दोनदा मागून घेतली. तेव्हाच ती म्हणाली नाण्याचं, आणि तेव्हाच मी आयरन म्हणाले. माझं ऐकून तिनं वाटी पुसून घेतली. शिक्षकावर विश्वास ठेवला, की मूल वाटी पुसून खातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वादशीचं पारणं. घरात कढी करायची होती. हाताशी आलं ते पितळी पातेलं मी ओट्यावर घेतलं आणि त्यात ताक ओतू लागले. मागून सासूबाई कडाडल्या. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे, डोळे अधू, पण भांड्याचा आवाज ओळखायच्या.

"काहून व, त्या पातेल्यात ताक ओतून राहिली? कल्हई गेली ना त्याची! कळकून जाईन ते. पोट्ट्यायच्या पोटात जहर घालतं का?"

माझा हात तिथेच थांबला. ताकाची धार पातेल्याच्या काठावरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पायावर. आंबट. पितळेतलं तांबं. आंबट आणि तांबं. थोड़ा खट्टा, मैडम, थोड़ा खट्टा. स्वयंपाकघरात लहानपणापासून जे हाताला ठाऊक होतं, ते शाळेच्या फाटकाशी चपलेसारखं काढून ठेवून मी आत शिरले होते.

"काय झालं व? पांढरी काहून पडली?"

"काही नाही. शाळेला उशीर होतो आहे."

व्हरांड्यात पोहोचून मी सुतळी ओढली. गडू वर आला. आजही डोळे मिटले की तो तसाच वर येतो, पाणी निथळत, गुलाबी, लखलखीत, नवरीच्या अंगठीसारखा. घरी चिंच लावून, राख लावून, दिवाळीला घासघासूनही तो असा कधी उजळला नव्हता. माझ्या गडूवरचा वर्षानुवर्षांचा काळपट थर गेला होता. गेला कुठे? पाण्यात. पाण्यातून मुळात, मुळातून पानात. आणि पानातून?

सुंदर वस्तूची इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

मी वर्गात गेले. "पेट ठीक है? सबका पेट ठीक है? उल्टी तो नहीं हुई?" पोरं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. एकाचं दुखत होतं. चौकशीअंती त्यानं खिसाभर कच्ची बोरं खाल्ल्याचं निघालं. बाकी सगळी टवटवीत. फक्त खिडकीजवळची फुलोची जागा रिकामी.

मी नळ्या उपसल्या, ड्रम उलटा केला. पोरांची तोंडं उतरली. क्यों मैडम, क्यों? "ठंड लग गई पौधों को," मी म्हणाले. खोटं बोलायला एवढाही वेळ लागला नाही.

शाळा सुटल्यावर फुलोच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारच्या ओसरीवर एक चिमुरडी वाटाणे सोलत होती. तिला विचारलं.

"सब चल दिए. सबेरे-सबेरे, ऑटो में."

"फुलो भी?"

"उसको तो पापा कंधे पे डाल के ले गए. आँख बंद थी उसकी."

मी भिंतीला हात टेकला. भिंत गार होती आणि चुना हाताला लागला. बापाचा फोन लावला. एक गोड आवाज मला सांगत राहिला की ज्यांना आपण फोन करत आहात ते पहुँच से बाहर आहेत. मी पुन्हा लावला. ती बाई तितक्याच गोडीनं तेच म्हणाली. पहुँच से बाहर. शब्दांना पोचच नव्हती.

भीती माणसाला मोठं करते असं म्हणतात. मला तिनं अगदी लहान केलं, लबाड केलं. औषधाच्या दुकानात जाऊन मी म्हणाले, "मेरी एक सहेली के लिए पूछ रही हूँ," आणि तांब्याची सगळी गोष्ट मैत्रिणीच्या नावावर सांगितली. दुकानदारानं धीर दिला, "इतने में जी मिचलाना, उल्टी, पेट दर्द. होना होता तो उसी दिन हो जाता, दीदी. फिर भी बच्चे को डॉक्टर को दिखा दो आपकी सहेली से बोल के." चांगला माणूस. पण दाखवायचं कुणाला? ज्या एका मुलीला दाखवायचं, तीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. मुलांचा वॉर्ड. हातात बिस्किटांचा पुडा, म्हणजे भेटायला आल्यासारखं वाटावं. फिनाईलचा वास, उकडलेल्या दुधाचा वास, आयांच्या शालींचा वास. प्रत्येक खाटेशी मी थांबत होते, एवढ्याशा चेहऱ्यात तो चेहरा शोधत होते, आणि नाही म्हणून कळलं की पुढच्या खाटेची भीती. सिस्टरनं हटकलं.

"किसको देखना है?"

"किसी को नहीं."

"तो फिर?"

"बस, यही देखना था," मी म्हणाले. तिला काय कळलं कुणास ठाऊक. बिस्किटं मी शेवटच्या खाटेवरच्या आईला दिली आणि मग पायऱ्यांवर बसून मला घाम सुटला: पुडा नीट बंद होता ना? माझ्या हातून मुलांच्या पोटात काही जावं, एवढंही आता मला झेपत नव्हतं.

घरात तर काहीच बोलले नाही. जेवायला बसले की ताटातली हिरवी मिरचीसुद्धा माझ्याकडे बघे. यजमान म्हणाले, "तब्येत बरी नाही का?" मी म्हणाले, उपासानं पित्त झालं. देवाच्या नावावर आणखी एक.

पौषी पौर्णिमेला आमच्याकडे छेरछेरा. धान घरात आलेलं असतं, आणि पोरं पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. कोण कुणाचा, मोठा की छोटा, बघायचं नाही; दारात आलेल्या कुणाला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही आणि देण्यात मोठेपणा नाही. शाळेच्या पुस्तकातल्या शाश्वत अन्नाच्या धड्याला हे कधी नीट सांगता आलेलं नाही.

मी सूप घेऊन दारात बसले. पोरांचे घोळके येत, आरोळी ठोकत, पिशव्यांची तोंडं उघडत. मी ओंजळीनं घालत होते आणि प्रत्येक तोंड बघत होते. स्वेटरच्या लोंबत्या बाह्या दिसल्या की मी अर्धी उठायची. दुसरीच कुणी असायची. मग तिला दोन ओंजळी. मग तीन. ओंजळ पिशवीत रिती करण्याआधी मी धान नाकाशी नेई. पोरं हसत, "दाई सूँघत हे!"

आतून सासूबाई, "कोठी झाडून देतं का व आज? काय पाप केलं असं?"

त्या गमतीनं म्हणाल्या. मी सुपात तोंड खुपसून धान निवडू लागले.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात पाऊल टाकलं, तर खिडकीजवळ लोंबत्या बाह्या. गाल थंडीनं फुटलेले, हातात नव्या लाल बांगड्या. मी तिथल्या तिथे, पहिल्या बाकावर, पोरांच्या मध्ये बसले.

"फुलो! पेट? पेट ठीक है तेरा?"

"मेरे पेट को क्या हुआ?" ती म्हणाली. मग सगळं ओघानं आलं. मामाच्या गावी गेले होते सगळे. तिथं छेरछेराला धान जास्त मिळतं. पहाटे निघाले, ती झोपेतच होती, बापानं उचलून ऑटोत टाकली. गावात फोन लागत नाही. तिनं दप्तरातून ओल्या फडक्यात बांधलेली जुडी काढली. तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची, कोवळी भाजी, मुळांना शेताची काळी माती तशीच. "आपके लिए. ये मिट्टी वाली है."

इथं गोष्ट संपवता आली असती. भीती उतरली होती, मूल समोर होतं, आणि ड्रम मी केव्हाच धुऊन ठेवला होता. मॅडमना तर संपवायचीच होती. त्यांनी फळ्याकडे तोंडही केलं होतं.

"मैडम, हमारे पौधे कहाँ गए?" खिडकीजवळून फुलोनं विचारलं.

"ठंड में मर गए," चार-पाच आवाज एकदम म्हणाले. "मैडम ने बोला."

फुलोनं भुवया जवळ आणल्या. "ठंड में? पर पालक तो ठंड में ही होता है ना?"

खडू माझ्या हातात होता. वर्ग उत्तराची वाट बघत होता, तशी पोरं रोजच बघतात, आणि रोज जे मिळेल ते वहीत उतरवून घेतात. ही भीती मात्र निराळी होती. आधीची पोटात होती, ही जिभेवर होती. तिला नाण्याची चव होती.

त्या दिवसापासून पिशवीतच राहिलेला गडू मी काढून टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. थोडं आंबट पाणी आणि तांबं, सासूबाईंचं पातेलं, माझी एकादशी, न चाखता डोलावलेली मान. "फुलो सही बोल रही थी. वो आयरन नहीं था. मैंने खाया ही नहीं था." पुढे मुख्याध्यापकांनाही सांगितलं, ते चिडले, आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. नंतर काळं कापड गुंडाळून आम्ही पुन्हा बीही पेरलं. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा गडू या हातातून त्या हातात फिरत होता, पोरं त्यात आपापली तोंडं बघत होती, आणि कुणी हसत नव्हतं. फिरत फिरत तो फुलोकडे आला. तिनं आत डोकावून बघितलं, वास घेतला, बाही वर सारून तो माझ्यापुढे ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली:

"मैडम, अगली भाजी पहले आप खाना. हम लोग शाम तक आपको देखेंगे, फिर खाएँगे."